बाबालालची रेघ

"गजू, ही चकती मला आवडंना," बाबालालचाचा म्हणाले आणि त्यांनी ॲल्युमिनियमची ती जाडजूड चकती कानाशी धरून नखानं वाजवली, बाजारात मडकं वाजवून घेतात तशी.

"आवडायला ती काय सून आहे का, चाचा? बसवायची आणि मोकळं व्हायचं."

"सून न आवडून भागतंय. हिच्यावर अडीच टन बसणार हाय."

शुक्रवारची सकाळ होती. कराडात पाटण रस्त्याला आमचं 'मोहिरे व्हील्स' हे दुकान. पाटी मी लावली, पण दुकान आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. त्यांनी एक पत्र्याची शेड, पाण्याचा टब आणि हवेचा पंप घेऊन पंक्चरचं काम सुरू केलं, तेव्हापासून बाबालाल शिकलगार त्यांच्या जोडीला होते. आप्पा गेले, मी शेडच्या जागी काचेचं शोरूम केलं, भिंतीवर चकचकीत मॅगव्हील टांगले, पण खाली वाकून काम करणारे हात चाचांचेच राहिले. मी आपला टापटीप शर्ट घालून काउंटरवर.

लिफ्टवर गाडी होती रणधीर डुबलची. विजेवर चालणारी एवढी मोठी गाडी कराडात पहिलीच. पोटात बॅटरी असल्यानं तिचं वजन साध्या गाडीच्या जवळजवळ दीडपट. रणधीरला तिची कंपनीची चाकं नको होती. त्याला जंगलातल्या जीपसारखी रुंद, काळी, बाहेर आलेली चाकं हवी होती. ती मी त्याला मागवून दिली. अडचण एवढीच होती की गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्याला, पाच बोल्ट आणि नव्या चाकांना सहा भोकं. त्यावर उपाय म्हणजे ही चकती, ॲडॉप्टर. आधी ही चकती पाच नटांनी गाडीला आवळायची, मग तिच्यावर सहा नटांनी चाक आवळायचं. चाक बसलं की आतले पाच नट झाकून जातात. ते नीट आहेत की ढिले, हे नंतर देवालाच ठाऊक.

"हे बघ," चाचांनी चकती हबवर टेकवून दाखवली. मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं आणि चकती किंचित हलत होती. "मधी नखभर फट हाय. म्हंजी गाडीचं वजन हबवर न्हाई, नुसत्या नटांवर लोंबकळणार. मी लेथवरनं चार कड्या करून आणतो. फट भरली की काम झालं."

"किती वेळ लागेल?"

"नमाज झाली की ओगलेवाडीला जातो. चारच्या आत येतो. बसवतो, टॉर्क पान्यानं आवळतो. मग पन्नास किलोमीटर फिरवून आणायची, चाकं काढायची, आतलं नट परत आवळायचं. आन् मग रेघ."

ही रेघ म्हणजे चाचांची सही. नट नेमका आवळला की टॉर्क पाना 'कट्ट' वाजतो. तो वाजला की चाचा बारीक ब्रशनं नटावरून चाकावर एक पिवळी रेघ ओढायचे, सुतळीएवढी. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ट्रकवाले, ऊसवाले, एसटीतून निवृत्त झालेले जुने ड्रायव्हर, सगळे गाडी ताब्यात घेताना आधी वाकून रेघ बघायचे. झाकल्या जाणाऱ्या नटांवरसुद्धा चाचा रेघ ओढायचे. मी एकदा म्हणालो होतो, "ती कोण बघणार, चाचा?" तर म्हणाले, "मी बघितलीय की."

बारा वाजता चाचा आंघोळ करून, टोपी घालून, लुनावर बसून नमाजला गेले. चार चकत्यांची मापं त्यांनी खिशातल्या कागदावर घेतली होती.

दीडला रणधीर आला.

रणधीर आणि मी एका वर्गात होतो. त्याच्या वडलांचा बागायती मळा, उसाच्या रोपांची रोपवाटिका, दारात जीप. तो शाळेत मला 'पंक्चर' म्हणायचा. त्यात दुष्टपणा नव्हता, पण सगळा वर्ग म्हणायला लागला आणि दहावीच्या निरोपसमारंभातसुद्धा मला त्याच नावानं फूल दिलं गेलं. माणूस चाळिशीला आला तरी असली नावं पायात काट्यासारखी राहतात. त्या दिवशी रणधीर दुकानात शिरला तो मोबाइल समोर धरून, स्वतःचं चित्रण करतच.

"मंडळी, हा आपला जिगरी दोस्त, गजेंद्र मोहिरे. चाकातला डॉक्टर! गज्या, ह्यांना सांग काय काय केलंस ते."

मी सांगितलं. काय बोललो ते आठवत नाही, पण बोलताना छाती वर आली होती हे आठवतं. मोबाइल खाली करून रणधीर म्हणाला, "चल, चावी दे."

"संध्याकाळी मिळेल. चाचा कड्या करायला जाणार आहेत."

"संध्याकाळी? लेका, चिपळूणला बहिणीच्या मुलीचं बारसं हाय आज. सातला पाळणा. आक्का तयार होऊन बसलीया. अन् मी काय ह्या जुन्या चाकांवर जाऊ? सगळ्या पाव्हण्यांना सांगितलंय."

"रणधीर, थोडं..."

"तुला येत न्हाई का बसवायला? का अजून चाचाच करतोय सगळं?" तो हसला. "मग तू काय नुसती हवा भरतोस व्हय?"

एवढंच. त्यानं मला धमकावलं नाही, आमिष दाखवलं नाही. एक वाक्य बोलला आणि मी बाह्या सरसावल्या. नंतर कितीदा तरी मी मनात त्या वाक्याला दुसरं उत्तर देऊन बघितलंय. तेव्हा मात्र मी लिफ्टखाली गेलो.

चकत्या बसवल्या. टॉर्क पाना खुंटीला होता, पण त्यानं आतले वीस आणि बाहेरचे चोवीस नट आवळायला वेळ लागतो. मी हवेची गन घेतली. गर्रर्र, गर्रर्र, झालं. गन किती आवळते ते गनलाही कळत नाही, ते कंप्रेसरमधल्या हवेवर असतं. हबवरचा गंज घासून काढायचा असतो, तोही मी काढला नाही. आप्पा असते तर हातावर पाना मारला असता. पाऊण तासात गाडी काळ्या, रुंद चाकांवर उभी राहिली आणि खरं सांगायचं तर देखणी दिसत होती. रणधीरनं चारही बाजूंनी चित्रण केलं.

तेवढ्यात त्याच्या माणसानं आक्कांना रिक्षातून आणून सोडलं. आक्का म्हणजे रणधीरची आई. हिरवं काठाचं लुगडं, हातात बाळंतविडा घातलेली पिशवी. त्यांच्या मालकांची जीप असल्यापासून त्या चाचांना ओळखत होत्या. गाडीजवळ येऊन त्यांनी आधी चाकाकडे बघितलं.

"रेघ दिसंना रं. बाबालालनं रेघ वढली न्हाई?"

रणधीर म्हणाला, "आक्का, ही आता कॉम्प्युटरवरची गाडी हाय, रेघ कसली घेऊन बसलीस!"

"कसली का असंना. बाबालालच्या रेघेबिगर तुझा बा जीप काढत न्हवता. मी बसायची न्हाई."

मी म्हणालो, "राहिलीय होय, ओढतो की."

चाचांचा पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश त्यांच्या कोनाड्यात होते. त्यांना मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. चारही चाकांवरच्या चोवीस नटांवर मी रेघा ओढल्या. जाड आल्या, एकदोन ओघळल्या, मी बोटानं पुसल्या.

"बाबालालनंच आवळल्यात न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"चाचांनीच, आक्का. रेघ तेवढी राहिली होती."

"मग बसते," म्हणत त्या पुढच्या सीटवर बसल्या. रणधीरनं हॉर्न वाजवला. पावणेतीन वाजले होते.

साडेतीनला चाचा आले. लुना स्टँडला लावून त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत चार कड्या होत्या, अजून लेथच्या तेलानं ओल्या. त्यांनी रिकाम्या लिफ्टकडे बघितलं.

"गाडी?"

"गेली. बारसं होतं त्यांच्याकडं, थांबायला तयार नव्हता. मी बसवून दिली."

"चकतीवर?"

"हो."

"कड्याबिगर?"

मी काउंटरवरची बिलं नीट लावायला लागलो. चाचा खुंटीपाशी गेले. टॉर्क पान्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली धूळ बघितली. मग कोनाड्याकडे बघितलं. ब्रश मी डब्यात तसाच बुडवून ठेवला होता. चाचा तो नेहमी धुऊन, पुसून, आडवा ठेवत.

"उद्या सकाळी परत येणार आहेत ते," मी घाईनं म्हणालो. "मी सांगितलंय, आल्या आल्या आतले नट आवळून घेऊ."

"उद्या? मधी कुंभार्ली घाट हाय, गजू. संगं कोन हाय?"

"आक्का."

चाचांनी कड्या परत रुमालात बांधल्या. मग म्हणाले, "फोन लाव. असतील तितं गाडी हुबी करायला सांग. आत्ताच्या आत्ता."

मी फोन घेऊन बाहेर रस्त्यापर्यंत गेलो, कानाला लावला, थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

"उचलत नाही, चाचा."

"मग पिकअप काढ."

मी पिकअप काढली. चाचांनी टॉर्क पाना, पाने आणि रुमालातल्या कड्या मांडीवर घेतल्या. पाटणपर्यंत ते रस्त्याच्या कडेला बघत होते. मी एकदा म्हणालो, "काही होणार नाही हो, लोक सर्रास लावतात ॲडॉप्टर." तर म्हणाले, "नीट लावली तर काय हुत न्हाई. मी कुटं म्हनतो हुतंय?" पाटणच्या पुढं मी फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं ती बाई सांगत राहिली.

कोयनानगरच्या अलीकडं, एका वळणावर माणसं जमलेली दिसली.

गाडीचं पुढचं डावं चाक नव्हतं. डांबरावर लांबच लांब चरा पडला होता आणि गाडी मोरीच्या कठड्यावर आपटून तिरकी थांबली होती. कठड्यापलीकडं वीसेक फूट खोल ओढा होता. रणधीरच्या कपाळाला खोक पडली होती. आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या होत्या, डावा हात उजव्या हातानं छातीशी धरून. गळ्यापाशी हाड वर आलेलं लुगड्यातूनही दिसत होतं. बाळंतविडा रस्त्यावर सांडला होता. एक झबलं कुणीतरी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं.

चाक शेतात जाऊन पडलं होतं. चाचा बांधावरून उतरून तिकडं गेले, मी मागोमाग. चाक तोंड वर करून पडलं होतं आणि त्याच्यावरच्या सहाच्या सहा पिवळ्या रेघा जशाच्या तशा होत्या. एकही नट हलला नव्हता. चाक चकतीला घट्ट धरून होतं, चकतीच गाडीवरून सुटली होती.

चाचांनी ते जड चाक एकट्यानं उलटं केलं. मागं चकतीची पाच भोकं घासून लांबट झाली होती. ते भोकांवर वाकले. एक नट आत अडकून राहिला होता, तो त्यांनी रुमालानं पुसला, पुन्हा पुसला. त्याच्यावर पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते असं बघत होते की जणू मी काहीतरी बोलणार आहे आणि ते वाट बघतायत.

मी वाकून चाकाला हात घातला.

चाक ढकलत आम्ही रस्त्यावर आणलं. रणधीर धावून आला. "कुणाचा हात हुता ह्याला? गज्या, कुणी आवळल्यात ही चाकं?"

वीस-पंचवीस माणसं ऐकत होती. दगडावरून आक्का म्हणाल्या, "बाबालाल, तुझी रेघ बघून बसले रं मी गाडीत."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली. "चुकलं, आक्का. हात माझाच हुता."

रणधीरनं त्यांची कॉलर धरली. चौसष्ट वर्षांचा तो माणूस, नमाजसाठी घातलेला स्वच्छ पांढरा सदरा. "डोळं गेल्यात का तुझं म्हाताऱ्या? जमत न्हाई तर घरी बस की! माझी आई मेली असती!" चाचांनी त्याचा हात झिडकारला नाही. मी पुढं होऊन "रणधीर, जाऊ दे" एवढं म्हणालो. एवढंच म्हणालो. लोकांना वाटलं, मालक किती समजूतदार आहे. एका म्हाताऱ्यानं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तिथंच त्या ओढ्यात उडी टाकावीशी वाटली, पण असं वाटून घेणं सोपं असतं, मी आपला आक्कांना पिकअपमध्ये बसवायला मदत केली.

परतताना आक्का आणि रणधीर माझ्याशेजारी बसले. चाचा मागं उघड्यावर, त्या चाकाजवळ.

आक्कांना दवाखान्यात पोचवून आम्ही दुकानात आलो. तेव्हा मी विचारलं, "चाचा, का म्हणालात तसं?"

"पाटीवर आप्पाचं नाव हाय," ते म्हणाले. "माझं कुटं पाटीवर हाय?"

पण नाव त्यांचंही होतं, आणि ते गेलं. पंधरा दिवसांत ट्रकवाले विचारायला लागले, "म्हातारा हात लावणार न्हाई न्हवं?" मी काउंटरवर बसून ऐकायचो. चाचाही ऐकायचे. महिन्याच्या शेवटी त्यांनी ब्रश धुतला, पुसला, आडवा ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. मी घरी बोलवायला गेलो, त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले.

आता सात वर्षं झाली. चाचा मंडईच्या कोपऱ्यावर बसतात, विळ्या-कात्र्यांना धार लावतात. शिकलगारांचा मूळ धंदा तोच. मी अधूनमधून घरच्या कात्र्या घेऊन जातो. धार गेली नसली तरी जातो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. गेल्या पावसाळ्यात एकदा कात्री माझ्या हातात देता देता त्यांनी एकदमच विचारलं.

"गजू, एक सांग. रेघंचं न्हाई इच्यारत. मानूस चुकतो. त्या दिवशी फोन लावलावतास न्हवं?"

"लावला होता, चाचा," मी म्हणालो. "उचलला नाही त्यानं."

"मग झालं," ते म्हणाले आणि पुढची विळी घेतली. त्यांचा चेहरा खरंच मोकळा झाला. सात वर्षं हा माणूस त्या एका गोष्टीला धरून होता.

फोन मी लावला नव्हता. रस्त्यावर उभं राहून रणधीरचं नाव पडद्यावर काढलं होतं. त्याला 'परत ये, माझं काम कच्चं आहे' म्हणायचं होतं. तो हसून 'पंक्चर' म्हणेल, असं वाटलं. मी बंद फोन कानाला लावला आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले. तेव्हा गाडी पाटणच्याही अलीकडं असणार, फोन लागला असता. पाटणनंतर लावला तो, तेव्हा रेंज नव्हती.

परवा सकाळी दुकानासमोर एक गाडी थांबली. रणधीरची बहीण चालवत होती आणि शेजारी आक्का होत्या. मागच्या सीटवर ती मुलगी, जिच्या बारशाला ते निघाले होते. आता दुसरीत आहे म्हणे. डुबलांच्या घरचं कुणी इतक्या वर्षांत आमच्या दुकानात आलं नव्हतं. टायर बदलायचे होते, मी स्वतः बदलले. चाचा करायचे तसे, टॉर्क पान्यानं, एकेक नट 'कट्ट' वाजेपर्यंत, आणि बारीक ब्रशनं सुतळीएवढ्या रेघा ओढल्या. आता त्या मला छान जमतात. लोक त्यांना मोहिऱ्यांची रेघ म्हणतात.

आक्का काठी टेकत चाकाजवळ आल्या आणि वाकून बघत राहिल्या.

"ह्या कुणी वढल्या?"

"मी, आक्का."

"बाबालाल येत न्हाई न्हवं आता?"

माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्या मुलीनं काच खाली करून "आजी, चल ना" म्हणून हाक मारली.

"नाही," मी म्हणालो. "येत नाहीत."

"मग बसते," आक्का म्हणाल्या.

त्या पुढच्या सीटवर बसल्या आणि पट्ट्याकडं बघत राहिल्या. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मी वाकून पट्टा ओढला, त्यांच्या अंगावरून घेतला आणि खटक्यात बसवला.

"गुणाचा हाईस रं पोरा," त्या म्हणाल्या, आणि मी दार लावून घेतलं.